काटा १२० च्या वर जातच नाही! घरच्या हाय-प्रेशर कॉम्प्रेसरची दुरुस्ती कुठून सुरू करायची?

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरहून मामेबहिणीचा व्हिडिओ आला. बादलीत पाण्याचा छोटा पंप, बाजूला धडधडणारं लाल मशीन, आणि गेजचा काटा १२० वर अडकलेला. मागून तिचा आवाज: "दादा, काटा वर जाईनाच रे. मशीन नुसतं बोंबलतंय. दोन आठवड्यांवर मॅच आलीय."

ती १० मीटर एअर रायफल खेळते. कोल्हापुरात हे वेड नवीन नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि आता पॅरिसमध्ये ब्राँझ जिंकलेला स्वप्नील कुसाळे, सगळे त्याच जिल्ह्यातले. एअर रायफलच्या नळीखाली एक लांबुडका सिलिंडर असतो आणि त्यात साधारण २०० बारपर्यंत हवा भरतात. ती भरायला दरवेळी रेंजवर जायला नको म्हणून मामाने एक सेकंडहँड कॉम्प्रेसर घेतला होता. आता तोच बसला होता.

गल्लीतल्या पंक्चरवाल्याने मशीन बघून हात जोडले. फ्रिज-एसीवाला म्हणाला, "आमच्यात एवढं प्रेशर नसतं ताई." ज्याने ते विकलं त्याचा फोन लागेना. मग इंजिनिअर दादाची आठवण झाली. आता मी आहे सॉफ्टवेअरवाला, पण घरात "इंजिनिअर" हा शब्द एकच असतो, पंखा बिघडला तरी आणि प्रिंटर बिघडला तरी.

मशीन शेवटी दुरुस्त झालं. पण मी त्यात एक मोठी चूक केली, आणि हा लेख मुख्यतः तिच्यामुळे लिहितोय.

आधी हे प्रेशर म्हणजे नक्की किती ते समजून घ्या

घरच्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आतलं प्रेशर बाहेरच्यापेक्षा साधारण १ बारने जास्त असतं. कारच्या टायरमध्ये २.२ बारच्या आसपास. पंक्चरवाल्याच्या मोठ्या टाकीत ८ ते १० बार. आणि हे पिटुकलं मशीन जातं ३०० बारपर्यंत, म्हणजे साधारण ४,५०० पीएसआय. ३०० बार म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर, तुमच्या करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर, ३०० किलोहून जास्त वजन.

रायफलचा सिलिंडर फक्त २०० मिली धरला आणि त्यात २०० बार हवा भरली, तर तिच्यात साठलेली ऊर्जा माझ्या हिशोबाने ८,००० ज्यूलच्या घरात जाते. ८० किलोचा माणूस तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला तर जेवढी ऊर्जा लागेल तेवढी. हे सगळं एका हातात मावणाऱ्या नळकांड्यात! घाबरवायला सांगत नाहीये. पण "हवाच तर आहे" हे वाक्य डोक्यातून काढून टाका, मग पुढचं वाचा.

मशीनच्या आत काय चालतं

हवा एकाच दणक्यात १ वरून ३०० बारला नेली तर ती भयंकर तापते. उष्णता बाहेर पडायला वावच नाही असं धरलं तर कागदावरचं गणित १,२०० अंश सेल्सिअसच्या वर जातं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, म्हणजे मशीनचं पाणी पाणी होईल. म्हणून काम दोघांत वाटलेलं असतं. पहिला मोठा पिस्टन हवा साधारण १५-२० बारपर्यंत दाबतो. मग ती एका धातूच्या नळीतून थोडी थंड होत दुसऱ्या, पेन्सिलीएवढ्या बारीक पिस्टनकडे जाते, आणि तो तिला वरपर्यंत नेतो. असं वाटलं तरी प्रत्येक टप्प्याला कागदावर ४०० अंशांच्या आसपास आकडा येतो. म्हणूनच हेडभोवती सतत पाणी फिरवावं लागतं. ती बादली शोभेची नाही. पंप बंद पडला आणि मशीन चालूच राहिलं तर रिंगांचं आयुष्य मिनिटांत संपतं.

दुसऱ्या पिस्टनच्या पुढे एक एकदिशा व्हॉल्व्ह असतो, जो गेलेली हवा परत येऊ देत नाही. त्याच्यापुढे पाणी आणि तेल अडवणारा फिल्टर, हवा सोडायचा स्क्रू, गेज, सेफ्टी डिस्क आणि शेवटी होज. हा क्रम लक्षात ठेवा, कारण सगळी शोधाशोध याच क्रमावर चालते.

सेफ्टी डिस्क म्हणजे नाण्यापेक्षा लहान अशी तांब्याची पातळ चकती. मशीनच्या मर्यादेच्या थोडं वर प्रेशर गेलं की ही चकती मुद्दाम फाटते आणि सगळी हवा एका भोकातून बाहेर जाते. मोठा आवाज होतो, दचकायला होतं, पण होज किंवा सिलिंडर फुटत नाही. घरातल्या फ्यूजसारखं समजा.

माझी चूक

आम्ही कोड डीबग करताना करतो तेच मी केलं: प्रॉब्लेमचे दोन तुकडे. काटा वर जात नाही याची कारणं दोनच असू शकतात. एकतर मशीन हवा नीट तयारच करत नाहीये, किंवा तयार झालेली हवा पुढे कुठून तरी गळतेय. आणि हे ओळखायला मशीन उघडावं लागत नाही.

मी व्हिडिओ कॉलवर तिला सांगितलं: होजचं तोंड बंद करायचा प्लग मशीनबरोबर आलेला असेल, तो लाव. हवा सोडायचा स्क्रू घट्ट कर. मशीन चालू कर, काटा १०० ला आला की बंद. मग फोन स्टँडवर लावून गेजचं दहा मिनिटं शूटिंग कर.

तिने केलं. पहिल्या मिनिटात काटा १०० वरून ९४ ला आला. हे चालतं, कारण गरम हवा थंड होताना प्रेशर थोडं उतरतंच. पण तो थांबला नाही. दहा मिनिटांनी ७०. म्हणजे गळती एकदिशा व्हॉल्व्हच्या पुढे कुठेतरी किंवा त्याच व्हॉल्व्हमध्ये. मी खूश! अर्धं मशीन न उघडता बाद झालं होतं.

पुढच्या शनिवारी मी पुण्याहून एसटीने कोल्हापूर गाठलं. फिल्टरची बाजू खोलली, आणि शेजारीच सेफ्टी डिस्कचा बोल्ट होता म्हणून सहज तोही उघडला. आत एक नाही, दोन चकत्या होत्या. एकावर एक.

आधीच्या मालकाची चकती बहुतेक वारंवार फाटत असणार, म्हणून त्याने "पक्का" इलाज केला. दोन चकत्या म्हणजे फाटायला लागणारं प्रेशरही साधारण दुप्पट. म्हणजे ३०० बारच्या मशीनचा पहारेकरी ६०० पर्यंत झोपून राहणार, आणि तोवर होज, गेज किंवा जोड यातलं जे सगळ्यात कच्चं ते आधी जाणार.

आणि अशा मशीनसमोर मी माझ्या बहिणीला फोनवरून उभं केलं होतं. होजचं तोंड बंद केल्यावर आत जागा असते ती जेमतेम चमचाभर. ठणठणीत मशीन असतं तर काटा काही सेकंदांत १०० पार करून पुढे पळाला असता, आणि बंद करायला तिला दोन सेकंद उशीर झाला असता तर? त्या दिवशी आम्हाला वाचवलं ते त्या गळतीने. १२० च्या वर ते मशीन जाऊच शकत नव्हतं. गळती बंद करून चकत्या तशाच ठेवल्या असत्या तर "दुरुस्त" मशीन बिघडलेल्या मशीनपेक्षा जास्त धोकादायक झालं असतं.

म्हणून आता माझा क्रम ठरलाय. कुठलीही टेस्ट करण्याआधी, मशीन थंड असताना, प्लग काढलेला असताना आणि हवा सोडायचा स्क्रू पूर्ण उघडा असताना सेफ्टी डिस्कचा बोल्ट उघडा. आत एकच चकती हवी. तीही त्याच मशीनसाठी मिळणारी, कापलेला पत्रा किंवा घासलेलं नाणं नाही (असे व्हिडिओ आहेत, खरंच आहेत). चकती बसवताना बोल्ट अति आवळू नका, नाहीतर कडा कापली जाते आणि ती उगाच लवकर फाटते. मला वाटतं आधीच्या मालकाचं तेच झालं असेल.

गळती शोधताना

भांड्यांच्या लिक्विडचं पाणी करा आणि स्प्रेच्या बाटलीत भरा. गळतीच्या जागी फेस येतो, हे सायकलच्या ट्यूबपासून सगळ्यांना माहीत आहे. फरक एवढाच की इथे हात जवळ न्यायचा नाही. बारीक भोकातून सुटणारी १०० बारची हवा कातडीतून आत शिरू शकते आणि ती जखम बाहेरून टाचणीएवढी दिसते. बोट फिरवून "कुठून येतंय बघू" हा प्रकार पूर्ण बंद. चष्म्यासारखा सेफ्टी गॉगल हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो घाला.

आणि इथे फोन खरा कामाला येतो. मशीन बंद करून काटा १०० वर असताना प्रत्येक जोडावर फेस मारा, फोन स्टँडवर लावून झूम करा, रेकॉर्डिंग चालू करा आणि तुम्ही दोन-तीन मीटर मागे व्हा. पाच मिनिटांनी व्हिडिओ पळवत बघितला की हळूहळू फुगणारे बुडबुडेही स्पष्ट दिसतात, जे नुसत्या डोळ्यांना कळत नाहीत. बुडबुडे कुठेच नसतील पण काटा उतरतोय, तर हवा उलटी मागे जातेय. मग जिथून हवा आत घेतात त्या फिल्टरपाशी बारीक फुसफुस ऐकू येते का बघा. येत असेल तर एकदिशा व्हॉल्व्हमध्ये कचरा किंवा काजळी अडकलीय.

आमच्याकडे बुडबुडे आले हवा सोडायच्या स्क्रूवर. कोणीतरी तो पकडीने पिळून पिळून आवळला होता. त्याचं टोक खरवडलं गेलं होतं आणि आतली ओ-रिंग चपटी झाली होती. हा स्क्रू बोटांनी बंद करायचा असतो. बोटांनी गळती थांबत नसेल तर आतलं बदला, पक्कड घेऊ नका.

ओ-रिंगबद्दल दोन गोष्टी. माप घेताना आतला व्यास आणि जाडी दोन्ही व्हर्निअरने घ्या आणि जुनी रिंग दुकानात बरोबर न्या. आणि दुकानदाराला कडकपणा विचारा. साधी काळी रबराची रिंग बहुतेक ७० शोअरची असते. एवढ्या प्रेशरला ती फटीत दाबली जाऊन कुरतडल्यासारखी होते. ९० शोअरची मागा. लक्ष्मीपुरीत तीन दुकानं फिरल्यावर मिळाली, किंमत चहाएवढी. टेफ्लॉन टेप मात्र इथे नको. या जोडांचे आटे सरळ असतात. हवा अडवायचं काम वॉशर किंवा ओ-रिंग करते, आटे नाही. टेपचे तुकडे सुटून व्हॉल्व्हमध्ये जातात आणि एक दुरुस्ती दुसरी मागवते. एम-सीलचं तर नावही काढू नका.

उघडताना प्रत्येक पायरीला फोटो काढा, आणि नुसता भागाचा नाही, तो कुठल्या दिशेला तोंड करून होता हे कळेल असा. मी एक व्हॉल्व्ह उलटा बसवणार होतो, फोटोने वाचवलं.

काटा टिकतोय, पण चढत नाही

स्क्रू आणि चकती बदलली, टेस्ट पुन्हा केली. १०० वरून ९५, आणि मग वीस मिनिटं ९५. झकास. म्हणून थेट रायफलचा सिलिंडर लावला आणि काटा १८० ला जाऊन रेंगाळला. हेड एवढं तापलं की मी लगेच बंद केलं. म्हणजे बिघाड दोन होते, आणि पहिल्याच्या मागे दुसरा लपला होता.

आता शोध मागच्या अर्ध्यात. हवा आत घेणाऱ्या तोंडावरचा फिल्टर काढून कागदाचा कपटा जवळ धरला. तो तोंडाला चिकटून राहिला, म्हणजे पहिला टप्पा ठीक. तो फडफडत बाहेर ढकलला गेला असता तर पहिल्या टप्प्याचा पत्र्याचा व्हॉल्व्ह तुटलेला किंवा वाकलेला असता. मग ऑइलच्या टाकीवरच्या श्वास घेणाऱ्या झाकणावर टिश्यू पेपर धरला. तो ठेक्यात उडत होता. पिस्टनच्या रिंगांतून हवा निसटून खाली ऑइलच्या टाकीत येतेय याची ती खूण. ऑइलही काळंकुट्ट झालेलं.

एक तिसरी खूणही बघून घ्या. बादलीत परत येणाऱ्या पाण्यात बुडबुडे येत असतील तर हेडचं गॅसकेट गेलंय. आणि काचेतून दिसणारं ऑइल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी शिरलंय. तेव्हा मशीन अजिबात चालवू नका.

हेडचे ॲलन बोल्ट एकदम एकेक पूर्ण सोडवायचे नाहीत. समोरासमोरचे थोडे थोडे सोडवायचे, बसवतानाही तसेच. दुसऱ्या टप्प्याचा बारीक पिस्टन बाहेर आला तेव्हा त्याच्या रिंगा एका बाजूने घासून धारदार झाल्या होत्या. रिंगांचं किट ऑनलाइन मागवलं, चार दिवसांत आलं. नव्या रिंगा बसवताना त्यांच्या फटी एका रेषेत येऊ देऊ नका, नाहीतर हवेला सरळ वाट मिळते. हेडखालचे वॉशर नवे टाका, जुने एकदा दबले की दुसऱ्यांदा नीट बसत नाहीत.

ऑइलही बदललं. यात गाडीचं इंजिन ऑइल टाकू नका, हाय-प्रेशर कॉम्प्रेसरचंच सिंथेटिक ऑइल लागतं. डिझेल इंजिनमध्ये ठिणगी नसते, नुसत्या दाबाच्या उष्णतेने इंधन पेटतं. हवेच्या वाटेत भलतं तेल, ग्रीस किंवा गंज सोडवायचा स्प्रे गेला तर इथेही तेच होऊ शकतं. ओ-रिंगला लावायला सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल एवढंच.

वीज, आणि बादली

मशीन १,८०० वॅटचं, म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ८ अँपिअर, आणि सुरू होताना त्याहून बरंच जास्त. मामाकडे ते ६ अँपिअरच्या सॉकेटवर, तेही बारीक वायरच्या एक्स्टेंशनवर चालत होतं. गीझरच्या १६ अँपिअर पॉइंटवर लावा. मोटर नुसती हूंऽऽ करत असेल आणि फिरत नसेल तर पहिला संशय कपॅसिटरवर. तो बंद मशीनमध्येही चार्ज धरून ठेवतो, म्हणून ते काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. आणि शेजारी पाण्याची बादली असल्यामुळे घरात ३० मिलिअँपिअरचा गळती-ब्रेकर नसेल तर हे मशीन घरात चालवूच नका असं माझं मत आहे.

पावसाळा आणि एक ग्रॅम पाणी

पिस्टन-रिंग सगळ्यांना दिसतात, पाणी कोणाला दिसत नाही. पण रायफल खराब होते ती त्यानेच. ३० अंश तापमान आणि ८० टक्के दमटपणा धरला तर एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. २०० मिलीच्या सिलिंडरमध्ये २०० बार म्हणजे ४० लिटर हवा कोंबली. त्यात आलं सुमारे एक ग्रॅम पाणी, म्हणजे वीसेक थेंब. एकदा भरताना. रोज भरलं तर महिन्याचा हिशोब तुम्हीच करा. फिल्टरने अडवलं नाही तर हे सगळं सिलिंडरमध्ये आणि पुढे रायफलच्या रेग्युलेटरमध्ये.

म्हणून भरताना दर दोन-तीन मिनिटांनी तो सोडायचा स्क्रू हळूच किंचित उघडा, खाली फडकं धरा. पांढुरकं पाणी उडतं. पुन्हा बंद करा. फिल्टरमधला कापूस पिवळा किंवा ओला दिसला की बदला. जुलैमध्ये आम्ही तो जवळपास दर आठवड्याला बदलत होतो.

ही हवा श्वासासाठी कधीच नाही, तेलाचे कण असतात तिच्यात. आणि एवढ्या मशीनने स्कूबाचा मोठा सिलिंडर भरायला जाऊ नका. तासभर सलग चालून रिंगा जातात. या मशीनचंही आधी तेच झालं असावं.

कशाला हात लावायचा नाही

होजवर फुगवटा किंवा चीर दिसली तर नवा होज, जोडाजोडी नाही. गेजची काच फुटली किंवा काटा शून्यावर परत येत नसेल तर नवा गेज, कारण तुमची सगळी टेस्ट त्याच्याच भरवशावर आहे. आणि सिलिंडर. तो गंजला, आपटला, त्याचे आटे झिजले, तरी घरी काही करायचं नाही. त्यावर तारखा कोरलेल्या असतात त्या वाचा. आंतरराष्ट्रीय नेमबाजीच्या नियमात एअर सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त १० वर्षं आहे आणि ती बघायची जबाबदारी खेळाडूची. भारतात गॅस सिलिंडरच्या नियमांचं काम पेसो ही केंद्राची संस्था बघते, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. सिलिंडरची प्रेशर टेस्ट मान्यता असलेल्या ठिकाणीच करून घ्यायची. बहिणीच्या सिलिंडरची मुदत संपायला सात महिने राहिले होते, आणि हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावून टाकला.

नव्या रिंगांवर पहिल्यांदा मशीन रिकामंच, होज उघडा ठेवून दहा मिनिटं चालवलं. मग १०० पर्यंत, थंड होऊ दिलं, मग २००. काटा न अडखळता चढला. मॅचला अजून तीन दिवस होते. आता ती फोनच्या नोट्समध्ये प्रत्येक वेळी किती मिनिटं मशीन चाललं ते लिहिते, आणि दहा तास झाले की ऑइल काढून त्याचा रंग मला पाठवते. शेवटचा फोटो मधासारखा होता.